पाखरं हाकलणारी गजरा

येडगाव धरणाच्या फुगवट्याला आता पाणथळ उद्यान झालंय. त्याच्या गेटावर एक मोठा फोटो लावलाय. लुगडं नेसलेली एक म्हातारी दोन्ही हात वर करून उभी आहे आणि तिच्या डोक्यावरून शंभरेक राखी-पांढरी पाखरं उडालीत. खाली लिहिलंय, ‘पक्ष्यांवर माया करणारी आजी’. ती आजी म्हणजे माझी बायको, गजरा. फोटो काढला त्या घडीला ती फोटो काढणाऱ्याला अशा शिव्या देत होती की इथं लिहायची सोय नाही. तिच्या उजव्या हातात ढेकूळ आहे. नीट बघितलं तर फोटोत दिसतं. पण बघतंय कोण.

मी उद्यानाच्या हापिसात जाऊन सांगितलं, की बाबांनो, हे खोटं आहे, खालचं लिहिलेलं तरी काढा. तिथली बाई खुर्ची सरकवून म्हणाली, “अहो काका, लोक त्या फोटोपुढं सेल्फी काढतात. तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे.” मी म्हणालो, मला राग येतो. ती म्हणाली, “पाणी घेता का?” पाणी घेतलं आणि आलो.

त्याच्या आधी तिच्या दशक्रियेलाही हाच प्रकार. आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस मेला की दहाव्याला घाटावर भाषणं होतात, ते काही नवं नाही. पण ज्या पुढाऱ्याला तिचं नाव खिशातल्या चिठ्ठीत बघावं लागलं, त्यानं माइक धरून सांगितलं की “पक्ष्यांनी आज आपली आई गमावली.” मी डोकं भादरून ओल्या पंचात खाली बसलेलो. उठून बोलावं असं लई वाटलं. भावकीतल्या एकानं खांदा दाबून बसवलं. “बसा, भाऊ, दहाव्याला वाद नको.”

म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. पण तोंडानं सांगून झालं, कुणी ऐकत नाही.

गजरा नवी नवरी म्हणून आली तेव्हा धरणात पाणी अडवलेलं नव्हतं. आता पाणी आहे तिथं आमचं चिंचेचं रान होतं. त्या रानात तिनं दोनच पिकं काढली आणि मग पाणी आलं. रान बुडालं, विहीर बुडाली, चिंच तेवढी दोन-तीन वर्षं शेंडा वर काढून उभी होती, मग तीही सडून पडली. आम्ही वरच्या माळावर घर बांधलं. जमीन सरकारची झाली. पण दरसाल धरणातलं पाणी उतरलं की खालचं रान उघडं पडायचं. वर मऊ गाळ, खाली ओल. अशा रानात त्या-त्या साली पेरायला मिळायचं. त्याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. नांगरट लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही, हरभरा नुसता फेकला तरी उगवतो. काकडी आणि कलिंगडं तर अशी येतात की उचलून आणताना कंबर मोडते.

दुसऱ्या बाया गाळपेरीला हंगामी रान समजायच्या. गजरा तसं समजत नव्हती. तिच्या लेखी ते चिंचेचंच रान होतं, मधे काही महिने पाण्याखाली जायचं एवढंच. पाणी उतरायला लागलं की ती रोज काठावर जाऊन उभी राहायची. जुन्या विहिरीचा दगडी कठडा आधी वर यायचा. तो दिसला की घरी येऊन सांगायची, “आलं वर आपलं रान.” जशी सासरी गेलेली लेक माहेरपणाला आली.

तिचं एक बोलणं होतं. कशालाही म्हणायची, “कुणाला इचारून?” धरणाचं पाणी चढलं, कुणाला इचारून? जावयानं मिशी काढली, कुणाला इचारून? चुलतसासऱ्यांनी म्हातारपणी मोबाइल घेतला, तर तोंडावर म्हणाली, “मामंजी, कुणाला इचारून?” ते बिचारे माझ्याकडं बघायला लागले. मी कशाला मधे पडतोय.

मिसरी लावल्याशिवाय तिचा दिवस उगवत नव्हता, आणि मिसरी लावत असताना ती बोलायची नाही. तेवढीच घरात शांतता. तोंड खंगाळून चूळ टाकली की सुरू. आवाज असा की ह्या काठावर बोलली तर पलीकडच्या काठावरची माणसं उत्तर द्यायची.

गाळपेरीत सगळे पाण्यापासून थोडं रान मोकळं सोडतात. कारण ह्या धरणात पाणी सरळ उतरत नाही. वरच्या धरणांतनं पाणी येतं, मग कालव्याला सुटतं, म्हणून मधेच चढतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत. गजरा मात्र पार पाण्याच्या कडेपर्यंत कलिंगडं लावायची. मी म्हणायचो, अगं, सोड थोडी जागा. तर म्हणायची, “पान्याला काय ताट वाढून ठिवायचंय?”

एक साल पाणी आलंच. कलिंगडं तोडायला झालेली, आणि सकाळी बघतो तर अर्धं रान पाण्यात आणि हिरवीगार कलिंगडं पाण्यावर हालत डुलत चाललीत. मी कपाळाला हात लावून बसलो. ती लुगड्याचा काचा मारून छातीएवढ्या पाण्यात गेली आणि म्हशी हाकाव्यात तशी एकेक कलिंगड काठाकडं ढकलायला लागली. “हाल्या, हाल्या, चल, तिकडं कुठं निघालास?” जी वाऱ्यानं पलीकडं गेली ती तिकडच्या एकानं गोळा करायला घेतली. ही पाण्यातनं ओरडली, “ओ भाऊ, ती माझी हायेत!”

तो पण तसलाच. म्हणाला, “वैनी, नाव लिवलंय का वर?”

“फोडून बघ! गोड निघालं तर माझं, पांचट निघालं तर तुझं!”

त्यानं खरंच एक फोडलं, खाल्लं, आणि बाकीची पोत्यात घालून डोक्यावरून पार वळसा मारून आणून दिली. एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल की नाही? पुढच्या साली परत पाण्याच्या कडेलाच लावली. मी बोललो तर म्हणाली, “मागल्या साली आलं म्हनून ह्या सालीबी येईल का? त्याला दुसरं काम न्हाई?” आणि त्या साली नाही आलं. त्यामुळं मला बोलायची सोयच राहिली नाही.

आता पाखरांचं सांगतो, कारण सगळं खोटं तिथंच पसरलंय.

थंडीत आमच्या पाण्यावर लांबून पाखरं येतात. बदकापेक्षा मोठी, डोक्यावर काळे दोन पट्टे. उद्यानवाले पट्टकदंब म्हणतात. हिमालय ओलांडून येतात असं त्यांच्या फलकावर लिहिलंय. असेल. पण दिवसभर पाण्यात आणि पहाटे-संध्याकाळी कोवळ्या हरभऱ्यावर. थवा बसला की शेंडा शिल्लक ठेवत नाहीत. गजरा त्यांना ‘पावणं’ म्हणायची. आली की काठावरून ओरडायची, “आलं का पावणं? सांगून यायची पद्धत न्हाई तुमच्यात? लांबनं आलात, मधी येवढा मुलूख पडला, तिथं कुणी जेवायला घातलं न्हाई, माझाच हरभरा दिसला?” आणि पत्र्याचा डबा वाजवत रानभर पळायची. थवा उठायचा, पाण्यावर एक फेरी मारायचा आणि पुन्हा तिथंच बसायचा. हिनं पुन्हा पळायचं. पार नातवंडं झाल्यावरसुद्धा.

पाखरांचा तिला मुळातच राग होता असं नाही. टिटवीची अंडी रानात दिसली तर त्याच्याभोवती चार काट्या रोवून पुढं जायची. पण देवी बनवू नका तिला. पोटुशी असताना पाणकोंबडीचं कालवण मागून खाल्लंय तिनं, आणि ते मी करून दिलंय. रानातल्या बाईचं असंच असतं. जे आपल्याला नडत नाही ते जगू द्यायचं, नडतं ते हाकलायचं.

तर त्या फोटोची गोष्ट. आमच्याकडं उसात बिबटे आहेत, त्यामुळं बाया रानात एकट्यादुकट्या जात नाहीत. एका सकाळी आम्ही दोघं हरभऱ्याच्या कडेला आलो आणि तिला पिकात काहीतरी सरपटताना दिसलं. ठिपक्याठिपक्याचं. माझा दंड धरून म्हणाली, “अवं, वाघ!” आमच्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी कोयता सावरतोय तोवर हिनं ढेकूळ उचलून हाणलंसुद्धा. आणि वाघ ओरडला, “आई गं!”

पुण्याचा एक माणूस उभा राहिला. मिल्ट्रीसारखे ठिपक्यांचे कपडे, हातात दुधी भोपळ्याएवढ्या नळीचा कॅमेरा, पोटाला सगळा चिखल.

“काकू, मारू नका, मी फोटो काढतोय!”

“कुणाला इचारून?”

“पक्षी बुजतात हो, म्हणून आडवं पडून जावं लागतं.”

“पाखरं बुजत्यात म्हनून माझा हरभरा आडवा केला व्हय रे? खरा वाघ असता तर परवडला असता. तो पिकात लोळत न्हाई.”

ह्या गडबडीत थवा उठला. त्याचा जोडीदार बांधावर होता, त्यानं तिकडनं आरोळी दिली, “काकू, तसेच हात पुन्हा एकदा वर करा ना! लई भारी दिसताय!” त्याला वाटलं गावाकडचं बोललं की बाई खूश होईल. हिनं दोन्ही हात वर केले, कारण दुसरं ढेकूळ जोरात मारायचं होतं. तो फोटो गेटावर आहे. हातातलं ढेकूळ मग त्याच्या पायाशी पडलं, तेवढं फोटोत आलं नाही.

मग काही वर्षांनी बातमी आली की फुगवट्याचा आमच्याकडचा भाग राखीव होणार. पाखरांना शांतता पाहिजे, गाळपेर बंद. गावातल्या शाळेत एक साहेब आले, चांगला माणूस होता, उगाच नाव कशाला ठेवू. पडद्यावर पाखरांची चित्रं दाखवली. चित्रं संपली तशी गजरा उठली.

“साहेब, ही पाखरं म्हैनं किती ऱ्हात्यात?”

“हिवाळाभर, मावशी.”

“मंग हिवाळ्यात तुमची. पाखरं गेली की रान माझं. उन्हाळ्यात कलिंगडं लावीन. हरभऱ्याचं नाव काढनार न्हाई.”

लोक हसले, पण मला वाटलं की ही आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सोडायला तयार झालीय. हरभरा सोडणं तिला सोपं नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की उन्हाळ्यात दुसरी पाखरं येतात, ती उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा तर माणसांनी फिरकायलाच नको.

“म्हंजी बारा म्हैनं पाखरांचं?”

“तसं नाही मावशी, गेटाजवळ तुम्हाला भेळेचा गाडा लावता येईल. बचत गटामार्फत.”

“भेळ?” ती एवढंच म्हणाली आणि खाली बसली. घरी दारात चपला काढताना म्हणाली, “चिंचंच्या रानात भेळ विकू मी?”

अर्ज केले. जुन्नरला गेलो, पुण्याला गेलो. जिथं जाऊ तिथं माणसं चांगलं बोलायची. चहासुद्धा पाजायची. हेच मला सहन होत नाही. एकानं जरी हाकलून दिलं असतं तरी त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इकडं सगळे म्हणणार, तुमचं बरोबर आहे काका, पण. त्या ‘पण’च्या पुढं आम्ही कधी गेलोच नाही.

कुंपण झालं. आत लाकडी वाट झाली, बसायला बाकडी झाली, तिकीट झालं. राखणदार म्हणून बोरी बुद्रुकचा बबन लागला. तिच्या मामेबहिणीचा दीर, चांगला पन्नाशीचा बाप्या. तो म्हणाला, “वैनी, मागच्या अंगानं कुंपणाला फट हाय. तुमी कवाबी या, मी बघनार न्हाई.” तर त्याच्यावर खेकसली, “माझ्या रानात चोरावानी शिरू व्हय?” बरं, तिकीट काढ म्हटलं तर, “माझ्या रानात तिकीट काढू?” असं दोन्हीकडनं तिनं स्वतःला बाहेर ठेवलं. मी वैतागायचो. म्हणायचो, एकदा जाऊन तर ये, बघ तर काय केलंय. नाही म्हणजे नाही. पाणी उतरायला लागलं की रस्त्याच्या कडेला उभी राहून कुंपणातनं विहिरीचा कठडा शोधायची. कुंपणाच्या आत आता बेशरमाची झाडं माजली होती, त्यामुळं तोही धड दिसायचा नाही.

आणि पाखरांनी काय करावं? आत हरभरा नाही म्हटल्यावर ती कुंपणाच्या वरून उडून आमच्या माळावरच्या गव्हात उतरायला लागली. ते रान आमचं, कागदानं आमचं. गजरा हाकलायला लागली तर बबन पळत आला. “वैनी, दगड नका मारू, राखीव पाखरं हायेत, साहेब मला धरत्यात.”

“आरं, मग त्यांला सांग की तुमच्या रानात ऱ्हावा! येवढं सारं रान दिलंय की त्यांला! मी जाती का त्यांच्यात? मंग ती का येत्यात माझ्यात?”

बबन आणि मी बांधावर उभं राहून पाखरं गहू खाताना बघितली. असले दिवस.

त्यातच तिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं फोटो दाखवून समजावून सांगितलं, कुठं आहे, केवढी आहे. ती म्हणाली, “कुणाला इचारून आली?” डॉक्टर तरुण होता, त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, सवय आहे तिला, तुम्ही सांगा पुढं. पुढं सांगण्यासारखं त्याच्याकडं फार नव्हतं. पोट उघडून बघितलं, पुन्हा शिवलं आणि घरी घेऊन जा म्हणाले.

घरात आता आवाज नाही. मी सकाळपासनं टीव्ही लावून ठेवतो. हिंदी मालिका असते, निम्मं कळत नाही, पण कुणीतरी बाई भांडत असते. तेवढं बरं वाटतं.

पुण्याहून आणताना पुतण्याची जीप होती. पेठ गावापर्यंत गजरा मागं पडून होती. मंचर गेलं तशी उठून बसली आणि बाहेर बघायला लागली. कुणाच्या रानात काय आहे ते सांगत होती, कांदा बारका राहिलाय, ह्यानं टोमॅटो बांधला नाही. नारायणगाव मागं पडल्यावर म्हणाली, “आधी खाली घ्या. पान्याकडं.”

मी म्हणालो, अगं, टाके ओले आहेत, घरी चल. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुतण्यानं गाडी खाली घेतली.

उद्यान त्या दिवशी लोकांना बंद होतं, गेट उघडं ठेवून आत झाडलोट चालली होती. मला वाटलं ती कुंपणाशी थांबेल. ती दाराच्या खांबाला हात लावून आत गेली. बबन झाडू हातात धरून बाजूला झाला. लाकडी वाटेवरून थोडी चालली, आणि मग वाट सोडून खाली गाळात उतरली. चपला तिनं कधी काढल्या मला दिसलं नाही. मागनं झाडणारी एक पोरगी ओरडली, “आज्जी, वाट सोडू नका, खाली जायला बंदी हाय!” बबन तिला म्हणाला, “गप गं.”

मी पिशवी घेऊन मागनं गेलो. पाणी चांगलं मागं सरलं होतं. पाखरं होती, तीच पट्ट्यांची. ती उडाली नाहीत. म्हातारी जवळ आली तशी चालत चालत बाजूला झाली, गर्दीत माणसं होतात तशी. ती त्यांच्यामधनं तशीच पुढं गेली.

बेशरमाच्या पलीकडं उघडं रान होतं. तिथं ती टाक्यांवर हात दाबून हळूहळू खाली बसली. मूठभर माती काढली, दाबली, मग उघड्या तळव्यावर अंगठ्यानं फोडली. माती चिकटली नाही, सुटी झाली.

“वाफसा आलाय,” ती म्हणाली. “आजच पेराय पायजे. उद्यापतुर वरनं कडक व्हईल.”

मी म्हणालो, “व्हय.”

मला धरून ती उठली. रानाकडं तोंड केलं. डाव्या हातानं पदर पुढं घेतला, खोचून त्याचा ओटा केला, बी घ्यायला करतात तसा. आणि माझ्याकडं न बघता उजवा हात मागं केला, दरसाल माझ्याकडनं बी मागायला करायची तसा.

माझ्या हातात दवाखान्याच्या गोळ्यांची पिशवी होती. मी काय देणार. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तिनं मान वळवून पिशवीकडं बघितलं, हात काढून घेतला, आणि रिकामा ओटा धरून रानाकडं बघत उभी राहिली.